दुसऱ्यांदा ऐकताना



गिटार म्हटलं की आपल्याला काय आठवतं? स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर उभा असलेला वरच्या वर्गातला एखादा मुलगा, तीन-चार कॉर्ड आणि सगळ्यांना पाठ असलेलं सिनेमातलं गाणं. मलाही तेच आठवायचं. आज मात्र मी ज्या गिटारवादकाबद्दल लिहिणार आहे, त्याच्या काही रेकॉर्डमध्ये बराच वेळ गिटारच ऐकू येत नाही. पुलावरून जाणाऱ्या गाड्या ऐकू येतात, आगगाडी ऐकू येते, पक्षी ऐकू येतात, कुठल्या तरी जुन्या तबकडीचे तुकडे ऐकू येतात. या माणसाचं नाव जॉन फेही. अमेरिकेतला, जन्म १९३९ चा, मृत्यू २००१ सालचा.

मी संगीतातली जाणकार नाही. डीएडला असताना हार्मोनियमवर प्रार्थना आणि दोन समूहगीतं वाजवण्यापर्यंत माझी मजल गेली, ती तिथेच थांबली. तरीही फेहीबद्दल इथे लिहावंसं वाटलं, कारण त्याला ऐकताना मला सारखा आपला वर्ग आठवत होता, आणि वर्गापेक्षाही जास्त आपली घरं आठवत होती.

सुरुवात झाली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या फोनने. तिचा मुलगा नववीत आहे. चार वर्षं गिटारच्या क्लासला जातोय. दोन परीक्षा झाल्या, सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी वाजवतो, नातेवाईक कौतुक करतात. ती गिटार बहिणीने भिशीच्या पैशांतून घेतलेली. आणि गेले सहा महिने हा मुलगा गाणी वाजवेनासा झाला. तारा सैल करून काहीतरी घूं घूं वाजवत बसतो. मोबाईल घेऊन वॉशिंग मशीनजवळ, लिफ्टजवळ, पाण्याच्या पंपाजवळ उभा राहतो आणि आवाज रेकॉर्ड करतो. क्लासचे सर म्हणाले, हात चांगला आहे पण पोरगं भरकटलंय. पुढच्या वर्षी दहावी.

"ताई, तू शिक्षिका आहेस. तुझं ऐकेल तो. जरा समजाव त्याला."

मी भाच्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तू आधी जॉन फेही ऐक. सगळा ऐक, पहिल्यापासून. मग आपण बोलू."

मुलाने आपल्याला गृहपाठ द्यावा आणि आपण तो करावा, असं आपल्या पेशात फारसं घडत नाही. दिवाळीची सुट्टी होती. फराळाची कामं उरकली की रात्री हेडफोन लावून मी बसायचे.

पेट्रोल पंपावरचा मुलगा

फेही वाढला तो वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या टकोमा पार्क या गावात. ऐन विशीत तो रात्रपाळीला पेट्रोल पंपावर काम करायचा. त्या पगारात आणि थोड्या उसनवारीत त्याने १९५९ मध्ये स्वतःची पहिली रेकॉर्ड काढली. फक्त १०० प्रती. रेकॉर्डच्या एका बाजूवर स्वतःचं नाव घातलं आणि दुसऱ्या बाजूवर 'ब्लाइंड जो डेथ' असं एका आंधळ्या ब्लूज गायकाचं नाव घातलं. असा कोणी गायक नव्हताच. तोही हाच. कंपनीचं नाव ठेवलं गावावरून, टकोमा रेकॉर्ड्स.

त्याची वाजवण्याची पद्धत समजून घ्यायला मला आजीचं जातं उपयोगी पडलं. आजी डाळ भरडायला बसली की एक हात खुंटा धरून जातं फिरवत राहायचा, दुसरा हात मुठीने दाणे घालायचा, आणि वर ओवी चालू. तिन्ही कामं एकाच बाईची, आणि एकही दुसऱ्यासाठी थांबत नसे. बोटांनी गिटार वाजवणाऱ्यांचं तसंच असतं. अंगठा जाड तारांवर एकदा ही तार, एकदा ती तार असा ठेका धरून जातं फिरवत राहतो. बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं जण वाजवत असावेत. फेही बरेचदा तारा नेहमीच्या सुरांत न ठेवता अशा जुळवून घेई, की बोट कुठेही न दाबता तारा छेडल्या तरी एक भरलेला स्वरमेळ वाजावा. आपल्याला तंबोऱ्याची सवय आहे, त्यामुळे त्याच्या वादनातला तो मागे सतत राहणारा सूर आपल्या कानाला परका वाटत नाही.

आपल्या या वादनशैलीला त्याने 'प्रिमिटिव्ह' म्हटलं. शब्दकोशात बघितलं तर 'आदिम', 'रानटी' असे अर्थ सापडतात. पण चित्रकलेत हा शब्द कुठल्याही शाळेत न शिकलेल्या, स्वतःच स्वतः शिकलेल्या चित्रकारांसाठी वापरतात. फेहीला तोच अर्थ हवा होता. आपण शाळावाल्यांनी हा शब्द जरा जपून ऐकावा असा आहे!

आधी मळमळ, मग रडू

फेहीच्या आयुष्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तरुणपणी तो जुन्या रेकॉर्ड गोळा करत हिंडायचा. कृष्णवर्णीय लोकांचं संगीत तेव्हा त्याला आवडत नसे. मनात पूर्वग्रह होता, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. एकदा रेकॉर्ड जमवणाऱ्या मित्राबरोबर असताना टेक्सासचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन याची एक जुनी तबकडी कानावर पडली. भक्तिगीत होतं. फेहीला ते इतकं नकोसं झालं, की मळमळायला लागलं. पण थोड्या वेळाने ते गाणं डोक्यातून जाईना. त्याने मित्राला ती तबकडी पुन्हा लावायला सांगितली, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो रडला. त्याच्या संगीताची दिशा तिथे बदलली.

तबकडी तीच, गाणं तेच, कानही तेच. मधे थोडाच वेळ गेला होता. पहिल्यांदा ऐकून त्याने तो विषय तिथेच सोडला असता, तर आपल्याला आज माहीत असलेला फेही झालाच नसता. ही गोष्ट वाचल्यावर मी ठरवलं, की याची प्रत्येक रेकॉर्ड दोनदा ऐकायची. आवडो न आवडो.

प्रयोगाच्या आधीचा अभ्यास

प्रयोग करणारा माणूस म्हटलं की आपल्याला वाटतं, मनाला येईल ते करणारा. फेहीचा हा भाग वाचताना माझ्यातली शिक्षिका सुखावली, हे कबूल करते.

१९६३ मध्ये त्याला बुका व्हाइट हा जुना ब्लूज गायक शोधायचा होता. त्याच्या रेकॉर्डना वीसेक वर्षं उलटलेली. माणूस जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं. हाताशी धागा एकच, त्याच्या एका गाण्यात मिसिसिपी राज्यातल्या ॲबरडीन गावाचं नाव होतं. फेही आणि त्याच्या मित्राने पाकिटावर 'बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक' असं लिहिलं, खाली ॲबरडीनच्या टपाल कचेरीचा पत्ता घातला आणि पत्र पेटीत टाकलं. ते पत्र फिरत फिरत मेम्फिस शहरात राहणाऱ्या बुका व्हाइटला मिळालं! पत्रलेखनाच्या पाठाला मी आता ही गोष्ट सांगते. पत्ता पूर्ण हवा हे तर शिकवायचंच, पण अपुऱ्या पत्त्यावरही पत्र पोचवणारी माणसं असतात, हेही मुलांना कळू दे.

पुढच्याच वर्षी फेही आणि त्याचे दोन मित्र स्किप जेम्स या दुसऱ्या विसरलेल्या गायकाला मिसिसिपीतल्या एका रुग्णालयात जाऊन भेटले. त्यानंतर फेहीने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लोकसाहित्याचा अभ्यास केला. १९३४ साली वारलेला गायक चार्ली पॅटन याच्यावर प्रबंध लिहिला. १९७० मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आणि ती १०० प्रतींची पहिली रेकॉर्ड? ती त्याने १९६४ मध्ये आणि परत १९६७ मध्ये नव्याने वाजवून काढली. आपल्याच वहीवर आपणच लाल शाई फिरवून पुन्हा लिहून काढावं तसं. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत या रेकॉर्डचा समावेश केला.

गाणारा पूल

आता त्या प्रयोगांकडे येते. १९६७ च्या एका रेकॉर्डवर 'अ रागा कॉल्ड पॅट' नावाची रचना आहे. नावात राग आहे म्हणून मी उत्साहाने लावली. आपल्या अर्थाने तो राग नव्हे. आरोह-अवरोह शोधत बसलात तर निराश व्हाल. एक सूर धरून गिटार हळूहळू फिरत राहते आणि तिच्या आजूबाजूला आगगाडीचे, पक्ष्यांचे, रानातल्यासारखे आवाज येत-जात राहतात. या रचनेचे दोन भाग या रेकॉर्डवर आहेत आणि पुढचे दोन १९६८ च्या दुसऱ्या एका रेकॉर्डवर. पहिल्यांदा वाटलं, खिडकी उघडी ठेवून कोणी वाजवत बसलंय. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की खिडकी मुद्दाम उघडी ठेवलीय.

१९६७ मध्येच 'रेक्विया' ही रेकॉर्ड आली. रेक्वियम म्हणजे मृतांच्या शांतीसाठीची प्रार्थना. त्यातली एक रचना मिसिसिपी जॉन हर्ट या वृद्ध गायकासाठी आहे. तो १९६६ मध्ये वारला होता. ही रचना सरळ गिटारवर आहे, साधी आणि हळवी. पण रेकॉर्डची दुसरी बाजू बरीचशी चार भागांच्या एका रचनेने व्यापलीय, आणि त्यात गिटारच्या मध्ये जुन्या रेकॉर्डचे तुकडे, गर्दीचा गलका, वाद्यवृंद असं सगळं येऊन आदळतं. हे ऐकणं जड गेलं. दुसऱ्यांदाही जड गेलं, हे स्पष्ट सांगते. दोनदा ऐकलं म्हणजे आवडलंच पाहिजे, असा काही नियम नाही. पण दुसऱ्या वेळी एक गोष्ट कळली. त्या गदारोळात गिटार थांबत नाही. घरात माणसं येत-जात असताना एखादी बाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसावी, तशी ती चालू राहते.

आणि मग १९६८ ची 'द यलो प्रिन्सेस'. तिच्यात जेमतेम तीन मिनिटांचा एक तुकडा आहे, मेम्फिसच्या गाणाऱ्या पुलाचा. लोखंडी जाळीच्या पुलावरून गाडी गेली की टायरखाली ती जाळी एका सुरात गुणगुणते. अशा पुलांना तिकडे 'सिंगिंग ब्रिज', म्हणजे गाणारे पूलच म्हणतात. फेहीने तो आवाज रेकॉर्डमध्ये घेतला आणि त्याला गाण्याच्या बरोबरीची जागा दिली.

चौथीच्या वर्गात

सुट्टी संपल्यावर हा तुकडा मी माझ्या चौथीच्या वर्गात लावला. काहीही न सांगता. ब्लूटूथ स्पीकर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ऐकू येईल ते वहीत लिहा.

पहिल्या वेळी उत्तरं आली ती अशी: मधमाश्यांचं पोळं, पिठाची गिरणी, विमान, "बाई, लांबून उसाचा ट्रॅक्टर येतोय". दोघं जण हसत सुटले होते. मग म्हटलं, आता तेच परत लावते, या वेळी मघाशी ऐकू न आलेलं लिहा. वर्ग एकदम शांत झाला. दुसऱ्या वेळची उत्तरं वेगळी होती: आवाज मधेच चढतो. तो सगळीकडे सारखा नाही. गाडी जवळ आली की बदलतो. कोणीतरी जुनं गाणं लावलंय वाटतं.

पहिल्या वेळी मुलांनी आवाजाला नाव दिलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज ऐकला होता.

पूल आहे म्हटल्यावर "पूल कसा गाईल?" यावर दहा मिनिटं चर्चा झाली, ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेच्या आवारातला एक आवाज निवडायला सांगितला. अट एवढीच, तो दोनदा ऐकायचा आणि दोन्ही वेळा लिहायचं. कोणी फाटकाच्या बिजागरीचा घेतला, कोणी पोषण आहाराच्या भांड्यांचा. वाचताना अडखळणारी आणि त्यामुळे वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी हापशाजवळ जाऊन बसली. तिने वहीत लिहिलं, "पाणी यायच्या आधी हापसा वेगळा वाजतो. पाणी आलं की तो जड वाजतो." सात वर्षं मी त्या हापशाचं पाणी पितेय. हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं.

कृष्ण, रणांगण आणि सहा तारा

मधल्या काळातली एक रेकॉर्ड आपल्या जवळची वाटेल म्हणून सांगते. १९७३ मध्ये फेहीने जी रेकॉर्ड काढली, ती अमेरिकेत योग शिकवणाऱ्या स्वामी सच्चिदानंद यांना अर्पण केलेली आहे. तिच्यात तीनच रचना आहेत आणि त्यातल्या एकीच्या नावात रणांगणावरचा कृष्ण आहे. शेवटची रचना तर रेकॉर्डची अख्खी एक बाजू व्यापते. इथे बाहेरचा एकही आवाज नाही, फक्त गिटार. तरी प्रयोग आहेच. तीन-तीन मिनिटांच्या चालींचा हा माणूस इथे एका बैठकीत वीसेक मिनिटं वाजवतो, विलंबित ख्यालासारखा वेळ घेतो. बासरी नाही, तबला नाही. आपल्याला परिचित असा 'भारतीय' आवाज त्याने कुठेही उसना घेतलेला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ती रेकॉर्ड खोटी वाटत नाही.

"पुढे काय झालं त्याचं?"

इतपत ऐकून मी बहिणीला फोन केला आणि उत्साहाने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, पुढे काय झालं त्या माणसाचं?"

आईचा प्रश्न होता. टाळता आला नसता.

पुढे जे झालं ते सोपं नाही. १९८० च्या दशकात आजारपण, दारू, मोडलेला संसार. ऑरेगन राज्यातल्या सेलम शहरात तो स्वस्तातल्या लॉजवर राहायचा, काही काळ धर्मादाय निवाऱ्यातही होता. गिटार गहाण पडायची. जुन्या बाजारात रेकॉर्ड हुडकून त्या विकायच्या आणि दिवस काढायचे. १९९४ मध्ये एका मासिकाने त्याच्यावर मोठा लेख छापला, तेव्हा नवी मंडळी त्याला शोधत आली. वडिलांकडून वारशाने पैसे मिळाले, तेव्हा त्यातून त्याने जुनं, दुर्मिळ संगीत पुन्हा प्रकाशित करणारी कंपनी सुरू केली. स्वतः हलाखीतून आलेला असूनही दुसऱ्यांचं विसरलेलं संगीत त्याला वर काढावंसं वाटलं.

आणि या शेवटच्या काळात त्याने काय वाजवलं? लोकांना १९६० च्या दशकातल्या त्या गोड चाली हव्या होत्या. फेही त्या वाजवायला फारसा तयार नव्हता. १९९७ मध्ये त्याची 'सिटी ऑफ रेफ्यूज' आली. तिच्यात यंत्रांसारखे घरघरणारे, एकमेकांवर चढवलेले आवाज आहेत. त्याच वर्षी 'वुमलाइफ' आली. हिच्यातल्या पहिल्या चार रचना पाण्याखालून ऐकल्यासारख्या आहेत, धूसर आणि लांबच लांब. जुन्या चाहत्यांपैकी कित्येकांचा यावर हिरमोड झाला. म्हातारपणी भरकटला, असं म्हणणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. २००१ च्या फेब्रुवारीत, बासष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला.

मी बहिणीला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'मनासारखं केलं की यश मिळतंच' हे वाक्य आपण शिक्षक मंडळी भाषणांत फार सहज म्हणतो. फेहीच्या बाबतीत ते खरं नाही. त्याच्या प्रयोगांनी त्याला गरिबीत ढकललं असंही नाही. आजार आणि दारूचा वाटा मोठा होता. पण प्रयोगांनी त्याला वाचवलं असंही मी तिला सांगू शकत नव्हते. मी एवढंच म्हणाले, की आपण दोघींनी मुलाचं काम एकदा ऐकलंय. दुसऱ्यांदा अजून ऐकलेलं नाही.

पंपाचा सूर

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. जेवणं झाल्यावर भाच्याला म्हटलं, तुझं एक रेकॉर्डिंग लाव. चार मिनिटांचं होतं. बहिणीचा चेहरा मी बघत होते. "हा आपल्या सोसायटीचा पाण्याचा पंप आहे," ती म्हणाली, "आणि वर याची ती घूं घूं."

दुसऱ्यांदा लावलं. या वेळी ती काही बोलली नाही. अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, "पंप आणि गिटार एकाच सुरात आहेत का रे?"

भाचा उठूनच बसला. मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते. त्यामुळे मोटर आणि ट्रान्सफॉर्मर साधारण १०० हर्ट्झच्या सुराने गुणगुणतात. गिटारची पाचवी तार नेहमी ११० हर्ट्झला लावलेली असते. फेही वापरायचा त्यांपैकी एका जुळणीत ही तार उतरवून ९८ च्या आसपास आणतात. भाच्याने ती तिथून आणखी जराशी चढवली होती, पंपाशी पूर्ण मिळेपर्यंत. म्हणजे सोसायटीचा पंप हा त्याचा तंबोरा होता. सहा महिने ज्याला आम्ही 'तारा सैल करून बसणं' म्हणत होतो, ते सूर लावणं होतं.

"म्हणजे सुरात आहे की हे," बहीण म्हणाली. आवडलं असं म्हणाली नाही. मीही ते तिच्या तोंडून काढायचा प्रयत्न केला नाही.

त्या दिवशी जे ठरलं ते असं: क्लास सोडायचा नाही, या वर्षीची परीक्षा द्यायची, दहावीत रोज अर्धा तास गिटार, आणि त्या अर्ध्या तासात काय वाजवायचं हे त्याने ठरवायचं. मी माझ्याकडून एक गोष्ट घातली. फेहीने बुका व्हाइटला शोधलं, पॅटनवर लिहिलं, तसा तू एक जुना वादक निवड, जवळपासचा चालेल. त्याला भेट, त्याचं वादन रेकॉर्ड कर आणि दोन पानं लिही. भाच्याने आजोळच्या गावातले एक म्हातारे संबळवादक निवडलेत. अजून गेलेला नाही. सहामाहीचे पेपर आडवे आले.

दहावीनंतर काय, हा प्रश्न आहे तिथेच आहे. बहिणीची काळजी मी काही दूर करू शकलेली नाही.

आपल्यासाठी

शिक्षक मित्रांनो, 'दोनदा ऐका, दोनदा लिहा' हा उपक्रम कुठल्याही वर्गात करता येतो. साहित्य काही लागत नाही. पहिल्या वेळचं आणि दुसऱ्या वेळचं लिखाण समोरासमोरच्या पानांवर घ्या, म्हणजे फरक मुलांनाच दिसतो. पहिल्या पानाला चूक म्हणू नका. ते पान नसेल तर दुसरं लिहिताच येत नाही. वह्या तपासतानाही मी आता हेच करून बघतेय. एखादं उत्तर विचित्र वाटलं, की पेन खाली ठेवायचं, पुढच्या दोन वह्या बघायच्या आणि मग त्याच्याकडे परत यायचं. वेळ लागतो. पटसंख्या मोठी असेल तर सगळ्यांच्या बाबतीत जमणार नाही, पण रोज एका वहीपुरतं जमतं.

पालकहो, फेही ऐकायचा असेल तर एकदम १९९७ पासून सुरू करू नका. आधी 'स्लिगो रिव्हर ब्लूज' ऐका. पहिल्या रेकॉर्डमधली छोटी, प्रसन्न चाल आहे. मग मेम्फिसचा पूल ऐका. जमलंच तर शेवटी 'वुमलाइफ'. तिच्यातल्या त्या चार धूसर रचना संपल्या की पाचवी सुरू होते, 'हुआना', आणि अचानक साधी गिटार वाजू लागते. बोटं तीच, अंगठ्याचं जातं तेच. एवढ्या गदारोळानंतर ती गिटार जशी ऐकू येते, तशी ती थेट पहिल्यांदाच लावली असती तर ऐकू आली नसती. मधे कंटाळून बंद केलंत तरी हरकत नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि पुन्हा एकदा लावा.